पाटी आणि शिरस्त्राण

मोटार वाहन कायद्याच्या पुस्तकात मोटारसायकलीला स्वतंत्र प्रकरण नाही. मोटारी, ट्रक, बस यांच्यासाठी केलेल्या तरतुदींमध्येच तिची सोय इकडेतिकडे लावलेली आढळते. तरीही दुचाकी चालवणाऱ्या सामान्य माणसाचा शासनाशी रस्त्यावर जो संबंध येतो, तो मुख्यतः दोन वस्तूंच्या निमित्ताने. एक, गाडीवरची क्रमांकाची पाटी. दुसरी, डोक्यावरचे शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट. चौकात पोलीस शिट्टी वाजवतो ती बहुधा या दोहोंपैकी एकासाठी.

दोन्ही नियम एकाच कायद्यातले, एकाच खात्याकडचे आणि एकाच रस्त्यावर अमलात आणायचे. पण त्यांचा इतिहास शेजारीशेजारी ठेवून वाचला तर प्रशासनातल्या माणसाला विचार करावा लागतो. पाटी ही शासनाच्या गरजेतून आली. कर वसूल करणे, मालक शोधणे, गुन्ह्याचा तपास करणे यांसाठी. शिरस्त्राण नागरिकाच्या जिवासाठी आले. पाटीच्या बाबतीत आपण मिलिमीटरपर्यंत नियम केले आणि अपवाद जवळजवळ ठेवलाच नाही. शिरस्त्राणाचा नियम करताना मात्र त्याच कलमात अपवादाचे दार उघडे ठेवले, आणि पुढची तीस वर्षे त्या दारातून कोण कोण बाहेर पडले, हाच त्या नियमाचा इतिहास होऊन बसला.

आधी पाटीकडे पाहू. वाहनावर क्रमांक लावण्याची कल्पना पॅरिसच्या पोलिसांची. १८९३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तसा हुकूम काढला. ब्रिटनने १९०३ च्या मोटारकार कायद्याने ती पद्धत उचलली आणि १ जानेवारी १९०४ पासून तेथे प्रत्येक वाहनाला अक्षर व आकडा मिळाला. हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई, बंगाल अशा प्रांतांनी आपापले कायदे केले होते. सबंध देशासाठी पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि सध्याचा १९८८ चा. सध्याचा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला.

१९८९ पूर्वीच्या पाट्या आता जुन्या छायाचित्रांत आणि चित्रपटांतच दिसतात. तीन इंग्रजी अक्षरे व पुढे चारपर्यंत आकडे, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे. १९७५ च्या ‘शोले’मधली साइडकार जोडलेली मोटारसायकल सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. बीएसए कंपनीची, १९४२ च्या सुमाराची, म्हणजे महायुद्धासाठी बनवलेल्या जातीची ती गाडी. तिचा क्रमांक एमवायबी ३०४७. यातले एमवाय म्हणजे म्हैसूर. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा म्हैसूर राज्याचे कर्नाटक होऊन दोन वर्षे होत आली होती, पण पाटीवर जुने राज्य कायम होते. नोंदवहीत एकदा पडलेले अक्षर सहसा पुसले जात नाही. राज्याचे नाव बदलले तरी गाडी त्याच नावाने मरेपर्यंत चालते.

त्या काळच्या मोटारसायकलींची आणखी एक खूण म्हणजे पुढची पाटी. ती चाकावरच्या मडगार्डवर, गाडीच्या लांबीच्या दिशेने, उभ्या पात्यासारखी बसवलेली असे. दोन्ही बाजूंनी क्रमांक वाचता यावा हा हेतू. पण समोरून कुणी पादचारी आला तर ते पाते अक्षरशः पात्याचेच काम करी. ब्रिटनने १९७५ मध्ये मोटारसायकलला पुढची पाटी लावण्याची सक्तीच काढून टाकली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ५० मध्ये पुढचा क्रमांक हँडलला समांतर, समोर तोंड करून लावावा असे लिहिले गेले. गाडीच्या अक्षाच्या रेषेत लावू नये, असा त्याचा अर्थ. तपासाची सोय आणि माणसाचे शरीर यांचा संघर्ष होऊन शरीराच्या बाजूने निकाल लागल्याची ही एक लहानशी जागा आहे. अशा जागा या नियमावलीत फार नाहीत.

१९८९ नंतरची पद्धत वाचकांना पाठच आहे: राज्याची दोन अक्षरे, मग परिवहन कार्यालयाचा आकडा, मग मालिका, मग क्रमांक. एमएच-१२ म्हणजे पुणे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गावोगावी ‘गाडीचे पासिंग कुठले?’ हा प्रश्न ‘आपण कुठले?’ या अर्थाने विचारला जातो. या रचनेमागे राज्यघटना आहे. यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत, पण वाहनांवरील कर राज्य सूचीत. म्हणून पाटीवरची पहिली दोन अक्षरे म्हणजे कर कोणाच्या तिजोरीत गेला याची नोंद होय. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवले तर तेथे पुन्हा नोंदणी करावी, असे कलम ४७ सांगते. ज्यांची दर तीन वर्षांनी बदली होते अशा बँक कर्मचाऱ्यांनी, जवानांनी आणि आमच्यासारख्यांनी या कलमापायी ना-हरकत प्रमाणपत्रांच्या किती फाइली फिरवल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून लागू झालेली ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका हे त्यावरचे उत्तर. संरक्षण दलातील व सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांतील नोकरदार यांना ती मिळू शकते. उत्तर चांगले आहे. मात्र बांधकामावर राज्य बदलत हिंडणारा गवंडी आपली जुनी मोटारसायकल घेऊन फिरतो, त्याच्यासाठी त्यात जागा नाही.

मधल्या काळात राज्यांची नावे व अक्षरे बदलत राहिली. उत्तरांचलाचे यूए २००७ मध्ये यूके झाले. ओरिसाचे ओआर २०१२ मध्ये ओडी झाले. तेलंगणाने २०१४ मध्ये टीएस घेतले आणि २०२४ च्या मार्चमध्ये ते सोडून टीजी घेतले. प्रत्येक वेळी नव्या गाड्यांना नवी अक्षरे आणि जुन्या गाड्यांना जुनीच, त्यामुळे रस्त्यावर राज्याचा इतिहास एकाच वेळी दोन लिप्यांत वाचावा तसा दिसतो.

आता मिलिमीटरांकडे येऊ. नियम ५१ मध्ये मोटारसायकलींच्या पाटीवरील अक्षरांचे माप आहे. मागच्या पाटीवर अक्षरांची उंची ३५ मिलिमीटर, आकड्यांची ४०, जाडी ७ आणि दोहोंमधले अंतर ५. पुढच्या पाटीवर उंची ३०, जाडी ५. सत्तर घनसेंटिमीटरपेक्षा लहान इंजिन असेल तर पुढे १५ मिलिमीटरची अक्षरे चालतात. लूनासारख्या मोपेडींच्या इवल्याशा तोंडाचा विचार करून कुणीतरी हे लिहिले असावे, आणि त्या अज्ञात अधिकाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. अक्षरे इंग्रजी असावीत आणि आकडे ‘अरबी’ असावेत, असेही नियम सांगतो. येथे एक गंमत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ ने याच आकड्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ म्हटले आहे. म्हणजे संविधान सभेने जे अंक मोठ्या वादानंतर भारतीय ठरवले, ते परिवहनाच्या नियमावलीत पुन्हा अरबी झाले.

नियम जितका काटेकोर, तितकी तो वाकवण्याची कला अधिक बहरते. ८०५५ हा क्रमांक पैसे भरून घ्यायचा आणि इंग्रजी आकडे असे रंगवायचे की ‘बॉस’ वाचले जावे. इंग्रजी २१४ ला वरून रेघ ओढली की देवनागरीत ‘राम’ होतो. हा उद्योग केवळ हौसेचा नाही. ज्याची पाटी वाचता येत नाही त्याला शोधता येत नाही, आणि ज्याला शोधता येत नाही तो कुणीतरी आहे, असा समज त्यात दडलेला असतो. एरवी पसंतीचा क्रमांक अधिक शुल्क घेऊन देणारे खाते आणि तो क्रमांक सरळ रंगवला नाही म्हणून दंड करणारे खाते एकच असते, हेही खरे.

उच्च सुरक्षा पाटीची कथा २००१ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नियम ५० बदलला आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र आदेश निघाला. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर अशोकचक्राचे होलोग्राम, लेझरने कोरलेला अनुक्रमांक, प्रकाश परावर्तित करणारा थर आणि एकदा बसवले की तोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. दुचाकीसाठी पाटीचा आकार २०० बाय १०० मिलिमीटर. हेतू दोन: वाहनचोरी रोखणे आणि घातपातात वापरलेल्या वाहनाचा माग काढणे. याच सुमारास खाजगी गाड्यांच्या काळ्या पाट्या जाऊन पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे आली.

दोन वर्षांत पुरे व्हावे असे योजलेले हे काम रखडले ते निविदांमुळे. पाट्या कोणी बनवायच्या, एका राज्यात एकाच उत्पादकाला ठेका द्यायचा की अनेकांना, यावर खटले झाले. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक उत्पादक निवडण्याची पद्धत वैध ठरवली. तरीही राज्ये हलेनात. मग मनिंदरजित सिंग बिट्टा यांच्या याचिकेवर न्यायालयाने मुदतीमागून मुदती दिल्या आणि अखेर हरियाणाच्या परिवहन खात्यातील अधिकाऱ्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले. तो निकाल प्रत्येक राज्याच्या परिवहन सचिवाच्या टेबलावर पोहोचला होता, आणि त्यानंतर फाइली कशा धावू लागल्या हे आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिले आहे. १ एप्रिल २०१९ पासून नवीन वाहनासोबत ही पाटी देण्याची जबाबदारी वाहन उत्पादकावर टाकली गेली, तेव्हा खरी गाठ सुटली. त्याआधीच्या जुन्या वाहनांचा प्रश्न मागे राहिला. महाराष्ट्रात जुन्या दुचाकीसाठी ४५० रुपये व त्यावरील कर असा दर ठरला आणि २०२५ मध्ये मुदत वारंवार वाढवावी लागली.

पाटीच्या बाबतीतही दिरंगाई झाली, हे यावरून दिसते. पण त्या चोवीस वर्षांत कोणत्याही राज्याने ‘आमच्या स्त्रियांच्या स्कूटरना पाटी नको’ किंवा ‘नगरपालिका हद्दीत पाटी ऐच्छिक’ असे म्हटले नाही. शिरस्त्राणाबद्दल मात्र ही दोन्ही वाक्ये अधिकृतपणे म्हटली गेली.

शिरस्त्राणाचा इतिहास एका प्रसिद्ध मृत्यूपासून सांगण्याची रीत आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून वारला. हा गृहस्थ १९२७-२८ मध्ये नाव बदलून हवाई दलातील सामान्य शिपाई म्हणून कराचीला आणि नंतर वायव्य सरहद्दीवरील मिरानशाहला होता, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नसते. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे महायुद्धात निरोप पोहोचवणाऱ्या लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने अशा स्वारांना ते सक्तीचे केले. नागरिकांवर पहिली सक्ती ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची, १९६१ ची. ब्रिटनने १९७३ मध्ये सक्ती आणली आणि १९७६ मध्ये पगडी बांधणाऱ्या शीखांसाठी वेगळा कायदा करून सूट दिली.

भारतात हा प्रश्न उशिरा पेटला, कारण दुचाकीच कमी होत्या. १९५१ मध्ये देशातील सुमारे ३ लाख ६ हजार नोंदलेल्या वाहनांत दुचाकी होत्या फक्त २७ हजार. पुढे मद्रासजवळ एनफिल्ड, म्हैसूरला जावा, फरिदाबादला राजदूत, पुण्याला बजाज असे कारखाने निघाले. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा तो काळ. १९८१ पर्यंत संख्या २६ लाखांवर गेली. मग ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या, एका लिटरमध्ये लांब जाणाऱ्या गाड्या आल्या आणि १९९१ मध्ये आकडा १ कोटी ४२ लाख झाला. २००१ मध्ये ३ कोटी ८६ लाख, २०११ मध्ये १० कोटी १९ लाख. एकूण वाहनांत दुचाकींचा वाटा १९५१ मध्ये अकरावा हिस्सा होता, तो सत्तर टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे भारताची मोटार म्हणजे मोटारसायकल. चार चाकांच्या गाडीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला कायदा दोन चाकांच्या देशाला लागू होत राहिला.

१९७७ मध्ये जुन्या कायद्यात शिरस्त्राणासाठी कलम ८५-अ घातले गेले. आंध्र प्रदेशाने आपल्या नियमावलीत नियम ४९८-अ करून सक्ती आणली, तेव्हा ती आपल्या संचारस्वातंत्र्याविरुद्ध आहे म्हणून एक नागरिक न्यायालयात गेला. १९८८ मध्ये अजय कानू विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. स्वाराच्याच जिवाच्या रक्षणासाठी असलेला नियम त्याच्या संचारावर गदा आणत नाही, असा निकालाचा आशय आहे. प्रश्न तेथेच मिटायला हवा होता.

पण त्याच वर्षी झालेल्या नव्या कायद्यातील कलम १२९ पाहावे. मोटारसायकल चालवणाऱ्या किंवा तीवर बसणाऱ्या प्रत्येकाने भारतीय मानकाप्रमाणे असलेले शिरस्त्राण घालावे, असे मूळ वाक्य. पहिले परंतुक पगडी घातलेल्या शीख व्यक्तीसाठी. दुसरे परंतुक असे की राज्य शासनाला योग्य वाटतील ते अपवाद नियमांनी करता येतील. पहिल्या परंतुकाला निश्चित कारण आहे आणि निश्चित सीमा आहे. दुसऱ्याला दोन्ही नाहीत. ‘योग्य वाटतील ते’ हे शब्द कायद्यात नेहमी येतात आणि बहुतेक ठिकाणी निरुपद्रवी असतात. येथे ते तसे राहिले नाहीत.

दिल्लीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पहिले परंतुक पगडीला सूट देते. पण बहुतेक शीख स्त्रिया पगडी बांधत नाहीत. स्त्रियांनीही टोपीसदृश काही डोक्यावर घालणे धर्माला मान्य नाही, असे शीख संस्थांचे म्हणणे. शीख स्त्री कोण हे पोलिसाने चौकात कसे ओळखायचे? यावर प्रशासनाला सुचलेला सोपा मार्ग म्हणजे सगळ्याच स्त्रियांना सूट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या नियमांत स्त्रियांसाठी शिरस्त्राण ऐच्छिक झाले आणि जवळजवळ दीड दशक तसेच राहिले. या काळात राजधानीच्या रस्त्यांवर एक चित्र रोज दिसे: पुढे नवरा हेल्मेट घालून, मागे बायको उघड्या डोक्याने, मध्ये मूल. दंड वाचवायला एक हेल्मेट पुरे होते. नियमाने जीव वाचवायचा होता, पण कुटुंबाने त्यातून दंड वाचवण्याचा हिशेब शिकून घेतला, आणि तो शिकवला कायद्यानेच. २८ ऑगस्ट २०१४ च्या अधिसूचनेने ही सूट फक्त शीख स्त्रियांपुरती उरली. चंडीगढने २०१८ च्या जुलैमध्ये पगडी न बांधणाऱ्या शीख स्त्रियांनाही सक्ती लावली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांना सूट देण्याची सूचना केली. धर्मभावनेचा प्रश्न अवघड आहे, तो मी हलका मानत नाही. पण एका समुदायातील स्त्रियांच्या आक्षेपासाठी एका शहरातील सर्व स्त्रियांचे संरक्षण काढून घेणे हे प्रशासनाचे सौजन्य नव्हते. तो आळस होता.

पुण्यातला विरोध वेगळ्या जातीचा. तेथे २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती सुरू करताच मोर्चा निघाला आणि काही मंडळींनी डोक्यावर पुणेरी पगडी चढवली. शहरात वेग कमी असतो, मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, आधी रस्ते नीट करा, हे युक्तिवाद पुणेकरांनी अनेकदा मांडले आहेत. रस्ते नीट करा ही मागणी शंभर टक्के योग्य आहे. फक्त रस्ते नीट होईपर्यंत डोके कोणत्या खात्यात जमा ठेवायचे, हे त्यात सांगितलेले नसते.

गुजरातने २०१९ च्या डिसेंबरमध्ये नगरपालिका व महानगरपालिका हद्दीत शिरस्त्राण ऐच्छिक असल्याचे जाहीर केले. हे अशा वर्षी, ज्या वर्षी संसदेने दंड शंभर रुपयांवरून हजारावर नेला होता आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद केली होती. काही आठवड्यांत राज्याला माघार घ्यावी लागली. तमिळनाडूत तर २०१५ च्या जुलैपासूनची सक्ती मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने आली. कार्यकारी यंत्रणेने जे करायचे ते न्यायालयाने करायला लावले, हा प्रकार पाटीच्या कथेतही आहेच; फरक एवढा की पाटीच्या वेळी अधिकाऱ्यांना अवमानाची भीती होती आणि येथे मतदारांची.

याच १९८९ च्या नियमावलीत एक नियम असा आहे की ज्याच्या विरुद्ध आजवर मोर्चा निघाला नाही. नियम १२३ म्हणतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकडायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे, म्हणजे मागच्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. पदर किंवा ओढणी चाकात गुंतून होणारे अपघात ज्यांनी जिल्हा रुग्णालयात पाहिले आहेत त्यांना या जाळीची किंमत कळेल. भारतीय स्त्री मागे एका बाजूला पाय सोडून, साडी नेसून बसते, हे वास्तव मान्य करून हा नियम लिहिला गेला. बसण्याची पद्धत बदला असे त्याने सांगितले नाही. संरक्षण गाडीलाच जोडून आले, त्यामुळे ते घालायचे की नाही हा प्रश्न रोज सकाळी उद्भवत नाही, आणि राज्याला त्यात अपवादही करावा लागत नाही. त्याच स्त्रीच्या डोक्याबाबत कायद्याची ही समज कुठे गेली, असा प्रश्न पडतो.

आता नव्या पोशाखाचा जमाना आला आहे. शहरांतील तरुण स्वार कोपर, खांदे, पाठ व गुडघ्याला गाद्या असलेली जॅकेटे, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट घालून लांबच्या प्रवासाला निघतात. उन्हाळ्यासाठी जाळीच्या कापडाची जॅकेटे मिळतात. युरोपात अशा कपड्यांना संरक्षक साधने मानून त्यांची घासून, फाडून परीक्षा घेतली जाते आणि मानकानुसार श्रेणी दिली जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात स्वाराचे शरीर मानेशी संपते. गुडघा, मनगट, पाठीचा कणा यांबद्दल तो काही म्हणत नाही. मला यात घाई करावीशी वाटत नाही. दूधवाला, कुरिअरवाला, खेड्यातला शिक्षक यांना हजारो रुपयांचे जॅकेट सक्तीचे करणे म्हणजे पावती पुस्तकाची सोय करणे होय. पण जे बाजारात ‘संरक्षक’ म्हणून विकले जाते त्याची परीक्षा झालेली असावी, एवढे मानक मागणे शासनाचे काम आहे.

शिरस्त्राणाच्या बाबतीत हे उशिरा का होईना झाले. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या, आत संरक्षक थरच नसलेल्या प्लास्टिकच्या टोप्या वर्षानुवर्षे हेल्मेट म्हणून विकल्या गेल्या. २०२० च्या नोव्हेंबरमधील गुणवत्ता नियंत्रण आदेशाने १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण बनवणे व विकणे बेकायदा झाले. टोप्या तरीही दिसतात. लहान मुलांसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत नियम आला आणि वर्षभराने लागू झाला: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्यावर त्याच्या मापाचे शिरस्त्राण आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. २०२५ च्या जूनमधील प्रारूप अधिसूचनेने दुचाकी विकताना एकाऐवजी दोन शिरस्त्राणे द्यावीत असे सुचवले. मागे बसणाऱ्याचे डोके कागदावर मोजले जायला इतकी वर्षे लागली.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा बदल वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. २०१९ च्या दुरुस्तीत संसदेने कलम १२९ नव्याने लिहिले. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती, चालक असो वा मागे बसलेली, तिच्यावर बंधन आले. पगडी घातलेल्या शीख व्यक्तीचे परंतुक कायम राहिले. राज्य शासनाला योग्य वाटतील ते अपवाद करू देणारे परंतुक मात्र त्यात नाही. ते न लिहूनच काढून टाकले गेले. लोकसभेत व माध्यमांत चर्चा गाजली ती दंडाच्या रकमांची.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकांना मी अनेक वर्षे बसलो आहे. कार्यपत्रिकेवर अपघातप्रवण स्थळे असतात, गतिरोधकांच्या मागण्या असतात, किती केसेस केल्या याचा तक्ता असतो. मृतांत चालक किती आणि मागे बसलेले किती, हा स्तंभ त्या तक्त्यात बरीच वर्षे नव्हता. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात तो असतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची. शिरस्त्राण न घातलेले मृत ५०,०२९. त्यांत चालक ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. शिरस्त्राणामुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी घटते असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निघाले आहे. गुणाकार वाचकांनी करावा. त्या चौदा हजारांत स्त्रिया किती याची विभागणी प्रत्येक जिल्ह्याने आपल्यापुरती करून पाहिली, तर जुन्या सवलतींची किंमत गावनिहाय कळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, पोलीस ठाण्यातील नोंदवही लागते.

पाटी आणि शिरस्त्राण यांची गाठ आता कॅमेऱ्यात पडली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार शहरांतील व महामार्गांवरील कॅमेरे नियमभंगाचे छायाचित्र घेतात आणि पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठवायची असते. पाटीवरून मालक सापडतो, म्हणून उच्च सुरक्षा पाटीची मापे आणि तिचा परावर्तित थर येथे कामी येतात. शिरस्त्राण आहे की नाही हेही त्याच छायाचित्रात दिसते, मागच्या सीटवरचेही. ते पट्ट्याने हनुवटीखाली घट्ट बांधलेले असावे, हे शिरस्त्राणाच्या कायदेशीर व्याख्येतच आहे. पण पट्टा बांधला आहे का आणि आत संरक्षक थर आहे का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते तपासायला अजून चौकात उभा असलेला शिपाईच हवा, आणि त्याने गाडी थांबवल्यावर पावती पुस्तकाच्या आधी हनुवटीखाली पाहायला हवे.